मान हलवणारा बैल

"अवो बाई, चाळीस देशात खेळणे विकते ते कंपनी! ते तुह्या लाकडाच्या बैलाची चोरी करन का?"

"चाळीस देश फिरून माह्याच दारात काऊन आली मंग? माहं घर का एकेचाळीसावा देश हाये?"

हेमराजनं कपाळावर हात मारला. त्याची थोरली बहीण गिरजा मात्र पटाशी चालवतच राहिली.

ब्रह्मपुरीकडच्या त्या गावात सुतारकाम करणारी बाई एकच. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा गिरजा एकोणीस वर्षांची होती. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत मिरवणारी पोरं बैलाविना राहू नयेत म्हणून तिनं पटाशी उचलली, ती अजून खाली ठेवलेली नाही. "बाईनं केलेला बैल गाय निघन," म्हणून हसणारेच पुढं तिच्या दारात रांग लावू लागले. कारण गिरजाचा बैल ओढला की मान हलवतो. सारी गंमत पुढच्या चाकांत: भोक मधोमध नाही, सुताभर बाजूला. नेमकं कुठं, ते बापाच्या सागवानी फर्म्यावर कोरलेलं. आणि फर्मा धानाच्या ढोलीत, धानाच्याही खाली.

"त्यायचं बळ कशात हाये, आयक," हेमराज पुन्हा सुरू झाला. "आज खेळणा काढला का महिनाभरात साऱ्या दुनियेत. कारखाने त्यायचे, सिनेमातल्या बाहुल्या त्यायच्या, विमानतळावर दुकानं त्यायची. आता गावठी खेळणे काढून राह्यले. डब्यावर तुहा फोटो येईन, बाई!"

"येवढं बळ हाये, त एक बैल नाई सुचत?"

"तुहा बैल मान हालवते, पण तू काई हालवत नाई!"

गिरजाला हसू फुटलं. पण हसता हसताच तिची पटाशी थांबली.

"हेमराज, काल तुह्या जीपमधी आलेल्या कंपनीच्या साहेबानं बैल हाती घेतला, उलटा करून पाह्यला. ओढून काऊन नाई पाह्यला? खेळणे विकणारा माणूस, अन् त्याले ओढावासा नाई वाटला?"

"घाईत होता."

"अन् जाताना म्हणे, तीन मिलिमीटरची कमाल आहे. मी त चाकाचं नावबी नाई काढलं. तो गेल्यावर मीच पट्टी लावून पाह्यलं. आपलं सूत म्हंजे तीनच भरते."

"मोठे लोक हायेत, बाई. नजरेनं मोजते."

गिरजा उठली. ढोलीत खांद्यापर्यंत हात घालून तिनं फर्मा ओढून काढला, पदरानं पुसला, उजेडात धरला. कडेकडेनं निळ्या बॉलपेनची रेघ गेली होती. चाकाच्या भोकाभोवती तर दोनदा.

"आपल्या घरी कोळशानं आखते," ती हळूच म्हणाली. "किती कागदावर उतरवला, हेमराज? कोणाकोणाले देल्ला?"

हेमराजनं खिळ्यावरची जीपची किल्ली काढली, चपला पायात सरकवल्या आणि मागं न बघता अंगणाबाहेर पडला.