पहिल्या बारचं हसू

जमनाबाईला हसू आवरत नाही, ही तांड्यातली जुनी तक्रार. लहानपणी एका मयतात हसली म्हणून चुलत्यानं तिच्या पाठीत चप्पल घातली होती. झालं होतं असं, की छाती बडवून रडणाऱ्या म्हातारीच्या पदराला कोंबडीचं पिल्लू लटकलं होतं आणि ते जमनाशिवाय कोणालाच दिसत नव्हतं. पुढे तिचं लग्न झालं. सासरी निघताना नवरीनं एकेकीच्या गळ्यात पडून ढावलो, म्हणजे निरोपाचं रडगाणं, म्हणत रडायचं, ही बंजाऱ्यांची रीत. जमना मावशीच्या गळ्यात पडली, मावशीच्या तोंडातल्या तंबाखूनं तिला शिंक आली, आणि शिंकेमागून हसू. धरमसिंगची आई घरी पोचेपर्यंत वरातीला ऐकवत होती, "असी कसी सून भेटली व माय, माहेर सोडताना हासते!"

हिवाळ्यात तांडा ऊसतोडीला जायचा. तिकडे पालांच्या गर्दीत कोणाला जमनाबाईचं पाल सापडलं नाही, तर लोक सांगायचे, जिकडून हसू ऐकू येते तिकडं चालला जाय. आधी नाकातून फुस्स, मग खांदे, मग पोट, आणि शेवटी हातात जे असेल ते खाली. पीठ असो की पाण्याचा हंडा. धरमसिंगचं मात्र सगळं उलटं. त्याचं तोंड सदा उन्हाकडे पाहिल्यासारखं आवळलेलं. पंचवीसेक वर्षांच्या संसारात तो कधी खदखदून हसल्याचं कोणाला आठवत नाही.

पोरगा धनराज आईवर गेला होता. मानोऱ्याच्या बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं. संध्याकाळी घरी आला की चुलीपुढे बसून दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. मोबाइल पाण्यात पडला तर तो उन्हात वाळत घालणारा बुढा, फोनशी भांडणारी मास्तरीण. आई हसून लोळायला लागली की मग तोच सांगायचा, "याडी, भाकर पाह्य, जयून राह्यली."

गेल्या साली वैशाखात तांड्यातलंच लग्न होतं. उन्हं उतरल्यावर वरात निघाली. डीजे वाजत होता, पोरं नाचत होती. नवरदेवाचा काका हेमसिंग यानं कमरेचा गावठी कट्टा काढला आणि आभाळात एक बार उडवला. कट्टा त्याच्याजवळ आहे हे सगळ्या तांड्याला माहीत होतं. याआधीही लग्नांत त्यानं तो उडवला होता, आणि लोकांनी हौसेनं उडवू दिला होता. बार झाला तसा तांड्याचा नायक गोविंदसिंग, एवढा जाडजूड, पांढऱ्या मिशांचा माणूस, टुण्णकन उडाला आणि करवलीच्या मागे दडून बसला. जमनाबाईला हसू फुटलं. ती इतकी हसली, की डीजेच्या वर ऐकू गेलं. "अजून एक होऊ दे!" कोणीतरी ओरडलं, मग पुष्कळ जण ओरडले. हेमसिंगनं जमनाबाईकडे पाहून मिशीला पीळ दिला आणि दुसरा बार भरला. तो अडकला. कट्टा खाली घेऊन तो झटकायला लागला, तेवढ्यात सुटला.

समोर धनराज नाचत होता.

डीजे त्यानंतरही थोडा वेळ चालूच होता.

पोलीस आले तोवर तांड्यातल्या मोबाइलांतले वरातीचे व्हिडिओ पुसले गेले होते. "आमाले वाटलं फटाका वाजला," असं जो तो सांगत होता. हेमसिंगचं नाव घेतलं ते जमनाबाई आणि धरमसिंगनं. काही महिन्यांनी हेमसिंग जामिनावर सुटला. तांड्यात पाय ठेवायचा नाही अशी कोर्टाची अट होती, म्हणून सासुरवाडीला राहायला गेला. त्याची बायको आणि पोरगी उज्ज्वला इथंच होत्या. जमनाबाई त्यांच्या अंगणावरून जाताना थुंकायची. चूल फुंकताना, निंदणाला वाकताना तिच्या डोळ्यांपुढे हेमसिंगची मिशी यायची आणि हातातलं गवत मुळासकट नाही, मातीच्या ढेकळासकट निघायचं.

हापशीवर ती आली, की बाया अर्धे भरलेले हंडे उचलून निघून जायच्या. वैर कोणाच्याच मनात नव्हतं. तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं, एवढंच. "अजून एक" म्हणणाऱ्यांत कोण कोण होतं, हे प्रत्येकाला आपापलं ठाऊक होतं.

जमनाबाईलाही आपलं ठाऊक होतं. म्हणून ती हसायची बंद झाली. पण जीभ मेली नव्हती, डोळे मेले नव्हते. एकदा गरम भाकरीसोबत ठेचा खाताना तिच्या तोंडून "वा!" निघून गेलं, आणि ती ताट सारून उठली. त्याच्या तोंडात माती अन् माह्या तोंडात ठेचा, असं वाटून तिनं नंतर नुसती भाकर पाण्यात कालवून खाल्ली. मांजर दुधाच्या गंजात तोंड अडकवून घरभर आपटत फिरलं, तेव्हा तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. लाज वाटायची ती अशी, चोरी करताना धरल्यासारखी.

यंदा श्रावण आला आणि पोरी तीज पेरायचं म्हणायला लागल्या. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत वारुळाची माती भरून गहू पेरतात, गाणी म्हणत सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात, आणि गोकुळाष्टमी झाली की हिरवेगार अंकुर भावांच्या पागोट्यात खोवून बाकीचे पाण्यात सोडतात. मागच्या साली सुतक धरून तीज पेरलीच नव्हती. यंदा गोविंदसिंग नायकानं पोरींना सांगितलं, "जमनाबाईच्या हातची पह्यली मूठ गहू भेटली तं पेरा. नाई तं नाई."

पोरी दारात आल्या. सगळ्यांत मागे, भिंतीला चिकटून, उज्ज्वला. जमनाबाईनं सुपातले गहू एकीच्या ओंजळीत टाकले आणि तोंड फिरवून आत गेली. हे गहू हेमसिंगच्या पोरीच्याही टोपलीत जाणार, हे तिला कळत होतं. पण पोरी रस्त्यानं लगेच गाणं म्हणत निघाल्या, आणि ते तिनं दाराआडून शेवटपर्यंत ऐकलं.

तीज बोळवायच्या आधी एक खेळ असतो. पोरी बोराटीच्या काट्यांवर भिजलेले हरभरे टोचतात, आणि पोरं ती फांदी हलवून त्यांना टोचू देत नाहीत. सगळा तांडा पाहायला जमतो. जमनाबाई पार लांब, कडुनिंबाखाली उभी होती. आली कशाला, तिचं तिलाच समजत नव्हतं. खेळ रंगात आला आणि नायकाचाच बोकड हरभऱ्याच्या वासानं गर्दीत घुसला. त्यानं फांदीच ओढली. ती त्याच्या दाढीत अडकली. बोकड बिथरून पळाला तो थेट खाटेवर बसलेल्या गोविंदसिंगच्या अंगावर. काट्यांत धोतर गुंतलं. आता पुढे बोकड, मध्ये बोराटी आणि मागे एका हातानं धोतर धरून नायक.

"अरे धरा न बे! बोकड धरा! धोतर नका धरू, बोकड धरा!"

फुस्स झालं. मग खांदे, मग पोट. जमनाबाई कडुनिंबाला धरून हसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपल्या एकटीचाच आवाज येतो आहे. तांडा गप होऊन तिच्याकडे पाहत होता.

हसण्यात तिची कधीकाळची जोडीदारीण सोजरबाई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "लवकर उतरलं व माय दुख."

जमनाबाई चपला तिथंच टाकून घरी गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

संध्याकाळी हेमसिंगचा थोरला भाऊ किसनसिंग आला. खाटेवर बसला, पाणी प्याला. "वयनी, बरं वाटलं आज," तो म्हणाला. "तुमी हासल्या. तांड्याले बरं वाटलं. आता परवा कोर्टात तुमची साक्ष हाये. कायले जाता? आपसात बसून मिटवू. हेमसिंग काय दुश्मन होता धनराजचा?"

"पानी पेलं न?" धरमसिंग म्हणाला. "मंग ऊठ."

"ऊठतो. पन ऐकून घ्या." किसनसिंग जमनाबाईकडे वळला. "वकील उलटून विचारते, वयनी. पह्यल्या बारले कोन हासलं? कोनाच्या हासन्यानं हेमसिंगले चेव आला? भरल्या कोर्टात सांगा लागन. सांगसान?"

तो गेला. बाहेर पोरींचं तिजेला पाणी घालणं चाललं होतं, गाणं ऐकू येत होतं.

"खरं हाये ते," जमनाबाई भिंतीलाच म्हणाली. "मी हासली होती. नायक करवलीमागं दडला न, त्याले. हेमसिंगनं माह्याकडं पाह्यलं अन् मंगच दुसरा भरला."

धरमसिंगनं खाटेची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "मी शिट्टी मारली होती," तो म्हणाला.

जमनाबाईनं वळून पाहिलं.

"तुमाले शिट्टी येते?"

"लहानपनी येत जाय. त्या दिसी बोटं तोंडात घातली अन् वाजली. लय दिवसानं वाजली म्हून खुस झालो." त्यानं दोरी पुन्हा बोटाला आवळली. "पोलिसाले नाई सांगतलं मी. लाज वाटली."

दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. पण रात्रीच्या जेवणाला जमनाबाईनं ठेचा केला आणि दोघांनी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तीज बोळवायची होती. पोरी हिरव्या टोपल्या डोक्यावर घेऊन निघाल्या. आता रडायची पाळी; तीज जाते म्हणून पोरी रडतात, भावांना अंकुर खोवतात. उज्ज्वलाला भाऊ नाही. ती लहानपणापासून धनराजलाच खोवायची, आणि धनराज ते कानावर लावून दिवसभर दुकानात बसायचा. यंदा ती टोपली घेऊन जमनाबाईच्या अंगणात येऊन उभी राहिली. पुढेही येईना, मागेही जाईना. रडून रडून तिला उचकी लागली होती.

मागे तांडा थांबला. किसनसिंगही थांबला.

जमनाबाई दारात आली. "उद्या मी कोर्टात जाऊन राह्यली," ती म्हणाली. "तुह्या बापाचं नाव घेनार हाये."

"मालूम हाये, या... हिक्... याडी."

"तरी आली?"

"धनराजभियाचं हाये हे. मी दुसऱ्या कोनाले... हिक्!"

ही उचकी मोठी होती. टोपली डोक्यावर उडाली, आणि अंगणातला बोकड, तोच कालचा, दाढीत अजून एक काटा घेऊन फिरणारा, "ब्यॅ" करून उत्तरला. उज्ज्वलानं पुन्हा उचकी दिली, बोकडानं पुन्हा उत्तर दिलं. पोरगी रडता रडता घाबरून बोकडाकडे पाहायला लागली.

जमनाबाईनं पदर तोंडाकडे नेला. अर्ध्यावर थांबवला. आणि हसली. पोटातून, खांदे हलवत, सगळ्यांच्या समोर. तोंड लाजेनं तापलं होतं, तरी हसली.

"पाहून घे किसनसिंग," ती दम खात म्हणाली. "हासून राह्यली मी. पह्यल्या बारलेबी हासली होती. दुसऱ्या बारनं माहं पोट्टं पडलं. वकिलानं नाई विचारलं तरी दोनी सांगीन."

मग तिनं उज्ज्वलाच्या टोपलीतले अंकुर उपटून घेतले. खोवायला पागोटं नव्हतं. धरमसिंग पुढे झाला, त्यानं ते तिच्या हातातून घेतले आणि आपल्या कानावर लावले. उज्ज्वलाकडे मात्र त्यानं पाहिलं नाही. तेवढं त्याच्यानं झालं नाही.

सकाळी दोघं वाशिमच्या बससाठी फाट्यावर उभे होते. अंकुर कोमेजले होते, तरी धरमसिंगच्या कानावरच होते. बस आली. दोघं बसले, आणि बस सुटता सुटता डोक्यावरून पदर घेतलेली सोजरबाई धापा टाकत चढली. हातात जमनाबाईच्या चपला होत्या, परवा कडुनिंबाखाली राहिलेल्या. त्या तिनं जमनाबाईच्या पायाशी टाकल्या.

"सरक तिकडं," ती म्हणाली.

"तुले कुठं जाच हाये?"

"तुमी जाता तिथंच."

"तुही साक्ष कुठं हाये तिथं?"

"मले कोनी विचारलंच नाई अजून."

"विचारलं तं?"

सोजरबाई खिडकीबाहेर पाहायला लागली. बाहेर सोयाबीन हिरवंगार माजलं होतं. बरंच अंतर गेल्यावर, कंडक्टर तिकिटं फाडून पुढे सरकल्यावर, ती हळूच म्हणाली,

"मी टाया पिटल्या होत्या, व जमना. दोनी हातानं."