दाजींचा फुकटचा व्हीपीएन आणि आईची गुरुवारची आरती

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितोय.

परदेशातल्या मॅच दिसाव्यात म्हणून आमच्या दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, आमच्या टीव्हीला जोडलेल्या इंटरनेटच्या स्टिकवर, टीव्ही परदेशात आहे असं भासवणारा फुकटातला व्हीपीएन टाकून ठेवलाय. रविवारी जेवायला आले की बघतात.

आज गुरुवार. अक्कलकोटची आरती टीव्हीवर लावून आई उदबत्ती ओवाळत होती. शेजारच्या काकू हात जोडून उभ्या होत्या. तेवढ्यात त्या व्हीपीएननं अख्ख्या स्क्रीनवर उघड्यानागड्या बायकांची जाहिरात आणली. बंद काही होईना. शेवटी आईनं दिवाणावरची चादर ओढली आणि टीव्हीवर टाकली. काकू आरती न घेताच निघून गेल्या.

शिसारी आली. व्हीपीएन उडवायला रिमोट घेतला, तर आईनंच हात धरला. "जावयानं लावलंय रे. न विचारता काढलंस तर राग येईल त्यांना."

म्हणून दाजींना फोन केला. ते हसले. "फुकटचं हाय की, एवढं चालायचंच."

"तुमच्या घरच्या टीव्हीवर पण हेच टाकलंय का?"

"छ्या! आमच्यात आई बसते की टीव्हीपुढं."

मी फोन ठेवला आणि व्हीपीएन काढून टाकला. जावयाचा अपमान केला म्हणून आई माझ्याशी बोलत नाही.

आता तुम्हीच सांगा, आमच्या घरात बसते ती कोण?