बाबांच्या हातातला बंद रिमोट

बाबा सौंसरच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. सगळी नोकरी त्यांनी पोरींना बास्केटबॉल शिकवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी त्यांना लकवा मारला. पाय हळूहळू सावरला, बोलणंही सावरलं, पण उजवा हात मांडीवर कुणी आणून ठेवल्यासारखा पडून राहायचा. आई नाही, भाऊ पुण्याला. घरात आम्ही दोघंच. मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत शिकवते, रोज बसने जाऊन-येऊन.

त्याच वर्षी दिवाळीत भाऊ टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणि त्याचे दोन रिमोट घेऊन आला. त्यात बास्केटबॉलचा एक जुन्या धाटणीचा गेम होता. चौकोनी ठिपक्यांची माणसं, मोठाली डोकी, दोघांविरुद्ध दोघं. खेळाडू पार छताला टेकतील अशा उड्या मारायचे. बाबा आधी चिडले. चेंडू न आपटता हा चार पावलं चालला, याची शिट्टी कोण वाजवणार, असं त्यांनी भावाला विचारलं. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, लाव बरं तो गेम. फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनीही होकार दिला. बोटं हलतील तेवढी चांगलीच, फक्त रबरी चेंडू दाबायचा व्यायाम सोडू नका, असं त्यांनी बजावलं.

भाऊ गेल्यावर बाबांच्या जोडीला मी बसू लागले. ते आणि मी एका टीममध्ये, समोर कॉम्प्युटरचे दोघं. बाबांच्या उजव्या हाताचं बोट बटनावर पोचेपर्यंत चेंडू हिसकावला गेलेला असायचा. रोज हरायचो. हरल्यावर ते म्हणायचे, अजून एक. मी सकाळी सहाला उठलेली, बसमध्ये उभी राहून आलेली, पुढ्यात वह्यांचा गठ्ठा. ती अजून एक मॅच मला जड व्हायला लागली.

एक दिवस त्यांच्या रिमोटची चार्जिंग संपली. त्या गेममध्ये दुसरा रिमोट बंद असला की त्या खेळाडूला कॉम्प्युटरच चालवतो. बाबांना ते कळलं नाही. ते बटनं दाबत होते आणि पडद्यावर त्यांचा खेळाडू धावत होता, चेंडू अडवत होता, लांबून बास्केट करत होता. आम्ही जिंकलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आजारपणानंतर तसा चेहरा मी पाहिला नव्हता. "हात येऊन राहिला माझा," ते म्हणाले.

तेव्हाच सांगायचं होतं. आजचा दिवस राहू दे, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांचा रिमोट चार्जिंगला लावलाच नाही.

पहिल्या दिवशी दया आली होती, हे खरं आहे. नंतर मात्र ती सोय झाली. बाबा गुंतून जायचे. मी एका हाताने रिमोट धरायची आणि दुसऱ्या हाताने वह्या तपासायची. शेजारच्या काकूंना ते हाताची सुधारणा सांगायचे, तेव्हा मी आत चहा टाकायला जायची. रबरी चेंडू दाबायचा त्यांनी हळूहळू सोडून दिला. गेममध्ये एवढा हात चालून राहिला तर ते कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही.

महिन्याभराने डॉक्टरांनी हाताची पकड तपासली, ती आधीपेक्षा कमी भरली. व्यायाम करता ना, त्यांनी विचारलं. बाबा जोरात म्हणाले, करतो म्हणजे काय, रोज मॅच जिंकतो, पोरीला विचारा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. ती मान हलवणं आजही आठवलं की मला बसल्या जागेवरून उठून कुठेतरी जावंसं वाटतं.

मग एका रविवारी त्यांची जुनी विद्यार्थिनी जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून येताना घरी आली. ती आता बोरगावच्या शाळेत खेळ शिकवते. बाबांनी तिला मुद्दाम टीव्हीसमोर बसवलं. मॅच सुरू झाली. मी संत्र्याच्या फोडी आणल्या आणि तिने बशी बाबांपुढे धरली. फोड घ्यायला त्यांनी डाव्या हाताने रिमोट बाजूला ठेवला. पडद्यावर त्यांचा खेळाडू धावत गेला आणि त्याने लांबून बास्केट केला.

ती टाळी वाजवायला गेली आणि थांबली. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग रिमोटकडे. फोड तोंडात घातली. नंतर अर्धा तास ते तिच्याशी तिच्या शाळेच्या टीमबद्दल बोलत राहिले, पोरी उंच आहेत का, मैदान कसं आहे. तिने निघताना त्यांच्या पाया पडून घेतलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

ती गेल्यावर बाबांनी विचारलं, "किती दिवसांपासून?"

मी म्हटलं, आजच चार्जिंग संपली असेल. त्या क्षणीही मी खोटं बोलले. ते फक्त "बरं" म्हणाले आणि डबा बंद कर म्हणून खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघण्याआधी मी सगळं सांगितलं. दोन महिने, रोज, जाणूनबुजून. ते खिडकीकडे पाहत ऐकत होते.

"पहिल्याच दिवशी सांगतलं असतं तं मी हासलो असतो," ते म्हणाले. "डॉक्टरसमोर काऊन चूप राहिली?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. त्या दिवशी माझी बस चुकली.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना खरं काय ते बाबांसमोरच सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत हात जास्त सुधारतो, एवढंच म्हणाले. त्या दोन महिन्यांनी किती नुकसान झालं, असं मी विचारलं. ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

बाबा आता सगळे व्यायाम करतात. हात थोडा आला. डाव्याच्या आधाराने पेला उचलतात. गेम त्यांनी परत मागितला नाही आणि मीही कधी काढला नाही. माझ्याशी ते चांगलं बोलतात, शाळेचं विचारतात, भाजीला नावं ठेवतात. पण शर्टाची बटनं त्यांना अजून लावता येत नाहीत. ती रोज सकाळी मी लावते. मी वरच्या बटनाशी पोचेपर्यंत ते हनुवटी उचलून भिंतीकडे पाहत राहतात.