हरकतबाई

संग्रामपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात जनकाबाईला तिच्या नावानं हाक मारणारे थोडेच होते. सगळे तिला हरकतबाई म्हणत. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं ग्रामसभेत विचारलं होतं, "हातपंप वरच्याच आळीत काऊन?" पंप वरच्याच आळीत बसला, नाव मात्र तिला चिकटलं. पुढं नवरा कचरू वारला, मुलगा रवी मोठा झाला, सरपंच बदलले. तिच्या हरकती चालूच राहिल्या. काही रास्त होत्या, काही नुसत्या हट्टाच्या. शाळेच्या पिवळ्या रंगावरूनही ती एकदा अडून बसली होती.

विषय वाचून झाला की सरपंच कारभारीभाऊच विचारायचे, "बोल वं हरकतबाई, आज कुठं दुखून राह्यलं?" लोक हसायचे. ती बोलायची. मग ग्रामसेवक भागवत लिहायचा : एक हरकत, बाकीच्यांना मंजूर. कोणाचं काही अडायचं नाही.

या वेळी अडणार होतं. गावामागच्या टेकडीवर खडीची खाण निघायची होती. टेकडीखालीच जनकाबाईची वस्ती; सुरुंगांच्या हादऱ्यानं आधी तिथल्या भिंती जाणार. खाणवाल्याला ठराव सर्वानुमते हवा होता. एक जरी हरकत नोंदली गेली तरी तालुक्याहून पाहणी होणार, आणि पाहणी त्याला नको होती.

सभेच्या आधीच गावानं तिला हरकतबाई म्हणणं सोडलं. किराणा दुकानात सोजराबाई मागं सरकून म्हणाली, "आधी तुमी घ्या, जनकाबाई." इतक्या वर्षांत सोजराबाईच्या तोंडून 'तुमी' कधी आलं नव्हतं. बाजाराला जाताना काळीपिवळीतली पुढची जागा न मागता मिळाली. मग जनकाबाई घाबरली.

"लोक हसून नाही राह्यले रे," ती रवीला म्हणाली.

रवी कारभारीभाऊंचा ट्रॅक्टर चालवत असे. ताटातली नजर न उचलता तो म्हणाला, "माय, या खेपेले गुपचूप बसून राय. हात जोडतो तुले."

सभेत तिच्यासाठी पुढं खुर्ची मांडलेली होती. एरवी ती बायकांत सतरंजीवर बसायची.

"या मावशी, बसा," कारभारीभाऊ म्हणाले. भागवतनं खाणीचा विषय वाचला. कारभारीभाऊंनी सभेवरून नजर फिरवली.

"कोणाची हरकत?"

जनकाबाई उठली. "माही हाय."

कारभारीभाऊ रागावले नाहीत. त्यांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. मागच्या रांगेकडं बघत ते म्हणाले, "रवी, मावशीची तब्येत कशी हाय आजकाल?"

रवी उभा राहिला. "बरी नाही राहत, भाऊ. काहीबाही बोलते. तिची हरकत धरू नका."

"मले काय झालं बे?" जनकाबाई वळून म्हणाली. "सकाळी भाकरी कोणाच्या हातची खाल्ली तू?"

एरवी या बोलण्यावर सभेत हशा पिकला असता. आज एक बाई हसता हसता थांबली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"लिहा, भागवतराव," कारभारीभाऊ म्हणाले.

"काय लिहू?"

"सर्वानुमते."

टाळ्या वाजल्या. रवीनंही वाजवल्या. भागवतनं पान उलटून पुढचा विषय वाचायला घेतला, पथदिव्यांचा. जनकाबाई अजून उभीच होती. तिला खाली बस म्हणायला कोणी तयार नव्हतं.