पिवळी चरबी

दुष्काळाच्या त्या वर्षी भिंगारच्या आमच्या दुकानात मांस दुपारीच तपकिरी पडायचं. जनावरांना वाळका कडबा आणि उसाचं वाढं, दुसरं होतं काय? सासऱ्यांकडे लष्कराच्या एका मेसला मांस पुरवायचं काम होतं आणि घर त्यावरच चालायचं. रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत मांस टिकत नाही, अशी मेसच्या आचाऱ्याची तक्रार आली. पुन्हा आली तर काम जाणार होतं.

माझ्या माहेरीही हाच धंदा. तिथे कापायच्या जनावराला आधी दोन-तीन महिने हिरवा घास घालत. मांस संध्याकाळपर्यंत लाल राहायचं. हिरव्या चाऱ्यातल्या ई जीवनसत्त्वामुळे रंग टिकतो, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की असं होतं. मी परसात घासाचे वाफे केले आणि अंघोळीचं, भांड्यांचं पाणी त्यांनाच घातलं. एका लंगड्या बैलापुरता घास निघू लागला.

सासूबाई म्हणाल्या, "बैलाला हिरवागार घास, आणि आम्हाला सुकट! पुढच्या वेळी मलाच बांध गोठ्यात."

बैल कापला. मांस लालभडक, पण चरबी हळदीसारखी पिवळी. घासानं तशी होतेच. माहेरी त्याचं कुणाला काही वाटत नसे. इथे मात्र मेसच्या इन्स्पेक्टरनं सुरीच्या टोकानं चरबी उचकटली.

"इतकी पिवळी चरबी म्हाताऱ्या जनावराची. म्हातारा बैल गळ्यात मारताय काय?"

सासरे बैलाचा जबडाच घेऊन गेले होते. आमच्या धंद्यात जनावराचं वय दातांवरून ठरतं. "दात बघा साहेब, चार दाती हाय, तीन वर्षांचा. पाय मोडला म्हणून कापला. चरबी घासानं पिवळी झाली."

"जबडा कुठलाही आणाल. चरबी पांढरी असेल तरच शिक्का."

मांस परत आलं. दुकानात टांगलं, ते संध्याकाळीही लाल होतं. तेवढ्यावर गिऱ्हाइकांनी रंग लावल्याचा संशय घेतला.

बाजारात आम्ही मराठी बोलायचो, घरात दखनी. सासरे मला म्हणाले, "बहू, घास उखाड डाल."

उपटला. पुढची जनावरं कडब्यावर आणि पेंडीवर काढली. चरबी पांढरीशुभ्र. इन्स्पेक्टरनं सकाळी शिक्का मारला, आणि दुपारी तेच मांस मेसच्या स्वयंपाकघरात तपकिरी पडलं. आचाऱ्यानं पुन्हा तक्रार केली. काम गेलं. शिक्का मारणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

सासऱ्यांनी दुकान बंद केलं आणि केडगावला दुसऱ्याच्या खाटिकखान्यात चामडी सोलायला जाऊ लागले. पाहुण्यांना सांगायचे, "हिच्या घासानं इन्स्पेक्टर बिथरला, तिथून सगळं बिघडलं."

मी पाहुण्यांपुढे चहा ठेवायचे आणि आत जायचे. सासरे वारले, तरी दीर अजून तेच सांगतात.