हळदीत पुरलेली सही

मोडी लिपीच्या वर्गात मी पहिला आलो होतो. वर्गात शेवटी दोघंच उरलो होतो, आणि दुसरे गृहस्थ पंख्याखाली झोपायला येत, हे मी सहसा सांगत नाही.

या पहिल्या नंबराच्या जोरावर सांगलीतल्या एका वाचनालयाने मला माळ्यावरचे कागद लावायला बसवलं. इंग्रजी अमलात साताऱ्याला एक बचत बँक होती. तिच्या खातेदारांच्या वह्या फिरत फिरत इथं येऊन पडल्या होत्या. कारकून, शिपाई, मास्तर, दाई, असे सगळे त्यांत होते. लिहिता येई तो सही करी. ज्याला येत नसे त्याच्या नावापुढे निशाणी काढत. शेतकऱ्याला नांगर, शिंप्याला कात्री.

त्या सह्या-निशाण्यांसाठीच पलूसहून एक बाई आल्या. निवृत्त नर्स, बोलायला रोखठोक.

"आवं सर, आमचे खापरपणजोबा पलटणीत हुते. तिथं लिहाय शिकले आन् बँकेत सही करून पैसं ठेवलं, असं आज्जी सांगायची. गावात कुणाला पटत न्हाई. म्हणत्यात, तवा तुमच्यातला माणूस सही करत हुता व्हय? शाळेच्या पायरीवर तरी चढू देत हुते का?"

"आणि सापडली तर?"

"फोटू काढून भिंतीला लावीन. पैसं नगं मला. सही तेवढी बघायची हाय."

नाव सापडलं. गाव, पलटण, सगळं जुळलं. मी माळ्यावर एकट्यानेच टाळी वाजवली आणि धुळीने खोकत बसलो. पण नाव पानाच्या पुढच्या बाजूला होतं, सही किंवा निशाणी पाठीमागे. आणि पावसाळ्यात छत गळल्यामुळे ती पाठ पुढच्या पानाला चिकटलेली.

जुने कागद जपणाऱ्या साताऱ्याच्या एका जाणकारांना फोन केला. ते म्हणाले, "ओल्या पानाला हात लावू नका. काही घालू नका, काही उघडू नका. आमचा माणूस येईल."

माणूस कधी येईल ते त्यांनी सांगितलं नाही. बाईंना मात्र मी छाती फुगवून सांगून बसलो होतो, "येत्या रविवारी या, सही दाखवतो."

माझ्या एका मित्राचं हळदीचं गोदाम आहे. त्याच्यापाशी रडगाणं गायलो तर तो खो-खो हसला.

"गड्या, सांगलीत राहून तू ओलीला भितोस? लोणच्यात हळद, जखमेवर हळद, नवरीला हळद. तुझ्या वहीचंच काय लय नाजूक हाय रं? पोतं घिऊन जा."

मला ते इतकं पटलं, की हे साताऱ्याच्या जाणकारांना कसं सुचलं नाही याची कीव आली. जी पानं सुटली त्यांच्यामध्ये मी मुठीमुठीने हळद भरली. वही जुन्या धोतरात बांधली, वर पाटा ठेवला. ज्या फळीवर ती ठेवली, ती स्वच्छ दिसावी म्हणून तिला आदल्या दिवशीच चुना मारला होता.

रविवारी बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी कोरी फ्रेम. मित्रही तमाशा बघायला आलेला. मी जादूगाराच्या थाटात धोतर सोडलं.

वही नव्हतीच. हळदीने ओल पिऊन लेप झाला होता आणि सगळी पानं मिळून एक पिवळी वीट. खालून, चुना लागला तिथं, लालभडक. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आमच्या घरातल्या कुठल्याही बाईने मला सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मी वर्गात पहिला आलो होतो.

"वास मात्र झकास हाय," मित्र म्हणाला.

मी नखाने एक कोपरा उचलायला गेलो. तो चुरा होऊन खाली पडला.

बाई वाकून बघत होत्या. "ह्यातच हाय नव्हं?"

"हो," मी म्हणालो. आणि मग तोंडातून निघून गेलं, "सहीच होती. मी बघितली होती, बांधायच्या आधी."

"व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. "कशी हुती? पुरं नाव लिवलं हुतं का नुस्तं पयलं अक्षर?"

आयुष्यभर थापा मारून लोकांना हसवलेला माणूस मी. त्या वेळी एक अक्षर सुचेना. मग त्यांचं त्यांनाच कळलं.

"ऱ्हाऊ द्या सर," त्या म्हणाल्या. "आता गाव म्हनंल तेच खरं."

त्यांनी विटेवरून एकदा बोट फिरवलं. पिवळं झालेलं बोट पदराला पुसलं नाही, तसंच धरून त्या जिना उतरल्या. दाराशी थांबून फ्रेम पुन्हा नीट गुंडाळली.

"दुकानदार परत घील का वं ही? काच फुटली न्हाई अजून."