दाजी, व्हायरस आणि मी

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कुणी ही वही उघडलीच तर मला माफ करावं. पण दाजींबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे मालक, सांगलीला असतात. त्यांच्याइतका भित्रा माणूस सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी सापडायचा नाही, आणि तरी घाबरायची वेळ आली की आम्ही रहिमतपूरहून फोन करतो तो त्यांनाच. त्यांची सारी नोकरी कोयनानगरला विजेच्या कामात गेली. तिथल्या भूकंपाच्या हादऱ्यांची भीती मनात बसली ती निवृत्तीनंतरही उठली नाही. अजून ते उशाशी चपला आणि बॅटरी घेऊन झोपतात. कपाटावर पितळी पेल्यांची उतरंड रचून ठेवतात, म्हणजे जमीन हलली तर आधी पेले वाजतील. एकदा मांजरानं ती पाडली, तेव्हा दाजी गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि नणंद दारातून हाका मारत होती, "आवं, मांजर हाय, या माघारी." ते तासाभरानं आले, तेही आधी मांजर दाखव म्हणाले. अशा माणसानं म्हातारपणी कंप्युटर दुरुस्तीचं काम शिकून घेतलं. विजेला भिणाराच वीज नीट हाताळतो, असं त्यांचं म्हणणं.

माझी लेक मनीषा घराच्या पुढच्या खोलीत फोटोचं दुकान चालवते. दिवाळी झाल्यावर कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून तिच्या कंप्युटरात व्हायरस शिरला. चालू केला की काळा पडदा, त्यावर दोन पांढऱ्या ओळी, आणि पुढं काही नाही. आत एका मुलीच्या लग्नाचे फोटो होते. लग्नानंतर दहाव्या दिवशी तिचे वडील वारले होते. कॅमेऱ्यातलं कार्ड मनीषानं दुसऱ्या कामासाठी पुसून घेतलं होतं, म्हणजे ते फोटो आता जगात दुसरीकडं कुठंच नव्हते. मुलगी शुक्रवारी अल्बम न्यायला येणार होती. मनीषाच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही, आणि तिच्याकडं बघून माझ्याही.

दाजी बुधवारी आले. हातात रबरी मोजे, पायाखाली लाकडी पाट, नाकावर रुमाल. माणसाचा व्हायरस नसला म्हणून काय झालं, म्हणाले, आणि आम्हा सगळ्यांना घरात चपला घालायला लावल्या. मागच्या खेपेला त्यांनी अडीअडचणीसाठी एक सीडी आमच्याकडं ठेवली होती. आजारी कंप्युटरला आपला आपण उठू द्यायचं नाही, या सीडीवरून उठवायचं, मग आतलं सामान सुखरूप बाहेर काढता येतं. त्यांनी ती घातली. घर्रघर्र झालं आणि पुन्हा तोच काळा पडदा. दाजींनी कसलंसं निळं पान उघडून त्याला बजावलं, आधी सीडीकडंच बघ. पुन्हा घर्रघर्र. असं पाच वेळा झालं. मग रुमालामागून त्यांचा आवाज बारीक आला, "सीडीवरनं उठंना तर समदं पुसून नव्यानं घालावं लागंल. फोटू जात्यात, पोरी."

मी दाराआड उभी होते. खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते, विळीपासून कॅमेऱ्यापर्यंत. त्या दिवशी मी सीडीचीही केली होती. एका बाजूला अक्षरं होती, त्यांच्यावर कशाला म्हणून दुसऱ्या, आरशासारख्या बाजूला हळदीकुंकवाची बोटं ओढली. नंतर पदरानं पुसलं, पण पुसट डाग राहिलाच. दाजींच्या चष्म्यावर रुमालामुळं वाफ धरलेली, त्यांना तो दिसला नव्हता.

पंचवीस वर्षांत मी दाजींशी चहा घेता का यापलीकडं बोलले नव्हते. पण त्यांचं बोट सगळं पुसायच्या बटणाकडं निघालेलं पाहिलं आणि तोंडून निघून गेलं, "दाजी, त्या सीडीला म्या कुंकू लावलंया."

त्यांनी सीडी काढली, चष्मा पुसला, सीडी उलटी केली.

"वहिनी, हे आदीच का बोलला न्हाई?"

"तुमचं भ्या वाटलं."

दाजी पाटावरून खाली उतरले. "माझं?" मग मनीषाकडं वळून म्हणाले, "अगं, मला मांजर भीत न्हाई."

मग मऊ सुती कापड ओलं करून, मधून कडेकडं, बाळाचं तोंड पुसावं तशी त्यांनी ती सीडी पुसली. या वेळी कंप्युटर उठला. संध्याकाळपर्यंत एकेक फोटो बाहेर आला.

शुक्रवारी मुलगी आली. एका फोटोत तिचे वडील मांडवाच्या खांबाला टेकून, आपल्याकडं कुणाचं लक्ष नाही असं समजून, डोळे पुसत होते. तिनं तेवढा मोठा करून मागितला.

दाजी आता थकलेत, क्वचित येतात. पण आले की उंबऱ्याबाहेर थांबून दोनदा खोकतात, मी दचकू नये म्हणून, आणि आतून "या" ऐकल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. गेल्या खेपेला मी परसात होते, मला ऐकूच आलं नाही. बाहेर आले तर दाजी पिशवी हातात धरून उन्हात तसेच उभे होते.